दाजींचं ताट

इंदापूर
भाऊबीज, रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

पाया पडतो. समोर असतीस तर पाय मागे घेतले असतेस, म्हणून लांबूनच पडतोय.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर एकच टिक येते, दुसरी सात वर्षं झाली उगवायची आहे. तुझ्या लेकीला विचारलं तर स्वराली म्हणाली, "मामा, आईनं तुम्हाला ब्लॉक केलंय." म्हटलं, पोस्टाला तर नाही ना केलं? म्हणून हे पत्र. बासष्टाव्या वर्षी पोस्टात जाऊन पाकीट मागितलं, तर खिडकीतली बाई विचारते, "स्पीडपोस्ट का?" म्हटलं, बाई, सात वर्षं उशीर झालाय, आता स्पीड कशाला, साधंच द्या.

बातमी सांगतो. गोव्याचं सगळं मोडलं. काठावरचं हॉटेल विकलं, जहाजावरच्या कॅसिनोतली भागीदारी सोडली आणि गेल्या चैत्रात परत आलो. इंदापूरच्या वर, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला रिसॉर्ट बांधतोय. चोवीस खोल्या, चार नावा, थंडीत हुरडा, आणि चिलापी तर पाण्यातून थेट कढईत. धरण भरलं तेव्हा आबा ह्याच पाण्याकडे बघून "गिळलं सगळं" म्हणाले होते. आता पुण्याची माणसं पहाटे उठून, गाड्या हाणत, त्याच पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला येतात. एका पायावर उभं राहून पक्षी जेवढा धंदा देतो तेवढा मी दोन पायांवर पळून चाळीस वर्षांत केला नाही.

येत्या गुढीपाडव्याला उघडायचंय. चूल तू पेटवायचीस.

नाही म्हणायच्या आधी ऐक. अठ्ठ्याऐंशी साली हायवेला आपली पत्र्याची शेड उभी राहिली तेव्हा तू बारामतीहून एसटीनं आलीस, स्वराली कडेवर. स्टोव्ह भकाभक पेटला, तुझी भुवई करपली, आणि त्या भुवईवर माझं हॉटेल चाललं. पुढं बारामतीत एमआयडीसीजवळ लॉज काढलं, ती चूल तुझ्या हातची. गोव्याचं किचन उघडलं तेव्हा आचारी म्हणाला, "मॅडम, बटण दाबा," आणि तू म्हणालीस, "काडी कुठं हाय? काडीबिगर पेटती ती चूल कसली?" मग अख्ख्या हॉटेलात काडेपेटी शोधत फिरलो होतो. तुझ्या हाताला गुण आहे, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

त्या गोष्टीबद्दल एकदाच लिहितो, परत काढणार नाही. दाजींनी निवृत्तीचा फंड आणि जळोचीचा प्लॉट माझ्या जहाजावर घालवला, आणि शिक्षा तू मला दिलीस. पण दाजी तिथं येतात हे मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी तेव्हा धंद्याच्या कामानं काठमांडूला होतो. तू हे कधी पुरतं ऐकून घेतलंच नाहीस.

असो. सणाच्या दिवशी जुनं उकरत नाही. ताट, निरांजन, सुपारी सगळं मांडून ठेवलं होतं. तुझ्या भावजयीनं, जयवंतानं, ओवाळायला शेजारची मुलगी आणली. चांगली मुलगी आहे. पण तिनं टिळा फार वर लावला, केसात गेला.

तुझा,
सर्जेराव

इंदापूर
रविवार, १ डिसेंबर २०२४

ती. आक्का,

स्वराली म्हणाली, माझं पत्र तू पिठाच्या डब्यामागं ठेवलंयस, फोडलेलं नाही. ठीक आहे. तिथं निदान ऊबदार असेल. हे दुसरं त्याच्या सोबतीला.

साइटवर बसून लिहितोय. समोर सळ्या, सिमेंट, आणि पलीकडे पाणी. रिकामा असलो की धंद्याचा विचार करतो, आणि धंद्याचा विचार केला की मला पहिल्यांदा ड्रायव्हरचं ताट आठवतं.

तुला माहीत आहे, पत्र्याच्या शेडीत पहिली दोन वर्षं माशाच होत्या, गिऱ्हाईक नव्हतं. हायवेवरून हैदराबादच्या, सोलापूरच्या गाड्या झूम करून जायच्या. मग मी एका लक्झरीच्या ड्रायव्हरला हात करून थांबवलं आणि म्हटलं, "मालक, तुमचं आणि क्लीनरचं जेवण माझ्याकडं फुकट. रोज. मटण म्हणाल तर मटण." पडद्यामागं त्यांच्यासाठी वेगळं टेबल लावलं, तिथं पंखा लावला. पंखा गिऱ्हाइकाला नव्हता, ड्रायव्हरला होता. महिन्यात अकरा गाड्या थांबायला लागल्या. एक माणूस फुकट जेवला की पन्नास जण पैसे मोजून जेवतात, एवढंच माझं शिक्षण. त्यावर शेड पक्की झाली, त्यावर बारामतीचं लॉज झालं, त्यावर मी गोव्याला गेलो.

आणि तिथं जहाजावर पहिल्या दिवशी गेलो तर काय बघतो? मोठा खेळणारा आला की त्याला खोली फुकट, जेवण फुकट, विमानाचं तिकीट फुकट. लोक म्हणाले, हा कॅसिनोचा धंदा तुम्हाला जमायचा नाही, सर्जेराव. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमचं ड्रायव्हरचं ताट! फक्त इथं ड्रायव्हर आणि प्रवासी एकच असतो. फुकट जेवणाराच शेवटी सगळ्यांचं बिल भरतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आक्का. आपल्याकडे म्हणतात ना, उजेडात पाप कोणी करत नाही. मी चांगल्या लख्ख उजेडात केलं.

दाजींना मी बोलावलं ते मात्र पाहुणा म्हणून. तुझी शपथ. पंधरा साली तुम्ही दोघं आलात, चार दिवस राहिलात, तू देवळं बघत फिरलीस. एका दुपारी जेवणं झाल्यावर मी दाजींना जहाज दाखवायला नेलं. खेळायच्या त्या रंगीत चकत्या असतात, चिप्स, त्यांचा एक ट्रे भरून त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "दाजी, हा माझा पाहुणचार. खेळा." माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं, की मेव्हण्यानं काहीतरी भरभरून वाढावं.

तुला दाजींचा दिवाळसण आठवतो का? दाजी जेवायला बसले, पुरणपोळीचं ताट, आबा स्वतः आग्रहाला. तेवढ्यात गोठ्यात म्हैस अडली म्हणून आबांना हाक आली. आबांचा नियम होता, वाढणाऱ्यानंच बास म्हणायचं, पाहुण्यानं कसं म्हणायचं? आबांनी "उठा, हात धुवा" म्हटल्याशिवाय आपल्या घरात पाहुणा ताटावरून उठत नसे. नवे जावई तर नाहीच. आई वाढत राहिली, दाजी खात राहिले. म्हैस व्याली, आबा आंघोळ करून आले, तर जावईबापू अकराव्या पोळीवर घामाघूम! "अरारा, मास्तर अजून ताटावरच? उठा, उठा, हात धुवा!" आपण दोघं भिंतीआड तोंडात पदर आणि टॉवेल कोंबून हसत होतो.

जहाजावर तेच झालं. दाजींना वाटलं, यजमानानं पुढ्यात वाढलंय, टाकून उठायचं नाही. मला म्हणाले, "एवढं संपवतो आणि येतो." आणि नशीब बघ, त्या दिवशी त्यांना सारखं लागत गेलं. जेवढं संपवावं तेवढं ताट भरत चाललं. मी हसत हसत लोकांना सांगत होतो, आमचे दाजी गणिताचे मास्तर आहेत. दोन तासांनी मीच म्हटलं, "दाजी, उठा आता, आक्का वाट बघत असेल." तेव्हा उठले. पण चव लागायची ती लागली असणार.

पुढचं आज लिहवत नाही. गवंडी हाका मारतोय.

तुझा,
सर्जेराव

इंदापूर
संक्रांत, मंगळवार, १४ जानेवारी २०२५

ती. आक्का,

तिळगूळ पाठवलाय. गोड बोलू नकोस, पण खा.

तू दोन्ही पत्रं फोडलीस हे स्वरालीनं सांगितलं. आणि एकच प्रश्न विचारलास तेही सांगितलं, "माडीवर काय हाय म्हणावं?" माडीचं तुला कुणी सांगितलं, हेच उमगेना. मग कळलं, माझ्या साइटवरचा प्लास्टरवाला दत्तोबा बारामतीचा, आणि दुपारचा डबा तुझ्याकडून आणतो. त्याला गाठून विचारलं, तर बिचारा म्हणतो, "मालक, म्या फकस्त म्हनलो, खालच्या खोल्यांना मोप खिडक्या हायत आन माडीवरच्या हालला येक बी न्हाय. काकी म्हनल्या, बरं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मी दोन पत्रांत रोहित पक्ष्यांपासून चिलापीपर्यंत सगळं लिहिलं, माडी तेवढी गाळली.

तर ऐक. माडीवर रमीचा क्लब होणार आहे. पैसे गोव्याच्या केयूरचे आहेत. जहाजावर माझा मॅनेजर होता, आता माझ्याहून मोठा झालाय. अर्धं बांधकाम त्याच्या पैशावर उभं आहे आणि त्याची अट एकच, माडी त्याची. रमी म्हणजे जुगार नाही, डोक्याचा खेळ, असं त्याचे वकील सांगतात. खिडकी नको, घड्याळ नको, कारण खेळणाऱ्याला ऊन कलल्याचं कळता कामा नये. हे मीच त्याला शिकवलं होतं. माझा चेला माझ्याच घरात मला धडा देतोय.

हे लिहायला बसलो आणि हात थांबला. कारण माडीचं खरं लिहिलं तर दुसरंही लिहायला लागेल. काल दिवसभर फिरलो, पाण्याकाठी जाऊन बसलो. मग ठरवलं, लिहायचं.

आक्का, मी काठमांडूला नव्हतो.

दाजी एकटे पहिल्यांदा आले ते सोळा सालच्या मार्चमध्ये. तुला सांगून आले होते, बोर्डाचे पेपर तपासायला कोल्हापूरला जातो. जहाजाच्या वरच्या मजल्यावर माझी केबिन होती, समोर बारा पडदे, प्रत्येक टेबलावर एक कॅमेरा. सातव्या पडद्यावर दाजी. खिशाला पेन, गुडघ्यावर हात, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बसतात तसे ताठ. मी खुर्चीतून उठलो सुद्धा. केयूर म्हणाला, "सर, मालकानं खाली जाऊन कुणाला उठवलं, की सगळ्या टेबलांना कळतं. पुन्हा कोणी निवांत बसत नाही." मी बसलो. त्यांना खोली फुकट द्यायच्या कागदावर सही माझी आहे. सात वेळा आले, आक्का. पाच वेळा मी पडद्यावर बघितले. मधून मधून मान वर करून छताकडे बघायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील.

धंद्याचा नियम म्हणून बसून राहिलो, असं लिहून पत्र संपवता आलं असतं. ते पुरतं खरं नाही. पत्र्याच्या शेडीचं उद्‌घाटन झालं त्या दिवशी दाजी चहा पिता पिता हसून म्हणाले होते, "शाळेत कोणी विचारलं तर मी सांगतो, मेव्हणा हॉटेल लाइनमध्ये आहे. टपरी म्हणत नाही." सगळे हसले, मीही हसलो. तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात राहिला. हॉटेल झालं, लॉज झालं, गोवा झालं, काटा होता तिथंच. सातव्या पडद्यावर दाजींना बघितलं ना, तेव्हा वाईट वाटलं, आणि त्याच वेळी कुठंतरी बरंही वाटलं. बघा म्हटलं, मास्तर, कोणाच्या टपरीवर बसलाय. ते बरं वाटणं कितीसं होतं, असेल चिमूटभर. पण तेवढ्यानंच मी खुर्चीत बसून राहिलो.

आता तुला काय करायचं ते कर. पिठाच्या डब्यामागं ठेव, नाहीतर चुलीत घाल. मला लाज वाटते. तुला तोंड दाखवायची लाज वाटते आणि तरी तू यावंस असं वाटतं, ह्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

सर्जेराव

बारामती
१६ फेब्रुवारी २०२५

सर्जेराव,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. दोन मी वाचली. तिसरं स्वरालीनं वाचून दाखवलं. डोळ्याला पानी आलं म्हणून न्हवं, चष्मा मोडलाय म्हणून.

मला तुझ्यासारकं लिवायला येत न्हाय. सकाळचे साठ डबे गेले, भांडी पडल्यात, पोरगी घासायला येईस्तवर लिविते.

तू वर बसून बगत हुतास, हे मला पैल्यापासनं ठावं हाय. ह्यांनीच सांगितलं, ज्या दिवशी प्लॉटचं सांगितलं त्याच दिवशी. ह्यांना कसं कळलं ते त्यांनाच इचार. तू काठमांडू काठमांडू करत हुतास तवा मी गप बसले. म्हटलं बगू तरी, किती वर्सं सांगतोय. सात वर्सं सांगितलंस. आरं, मला पैशाचा राग न्हवता. गेला प्लॉट, गेला. ज्यानं घालवला त्याच्यासंगं म्या संसार केलाच का न्हाय? मला राग काठमांडूचा हुता. आबांच्या लेकानं खोटं बोलावं, आन ते बी माझ्यासंगं.

टपरीचं लिवलंस. स्वरालीनं ह्यांना बी वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मी असं म्हटलं होतं?" त्यांच्या ध्यानात सुदीक न्हाय. तू छत्तीस वर्सं सांभाळलंस.

चुलीचं म्हणशील, तर तीन चुली माझ्या हातानं पेटल्या. तिसरीची धग माझ्याच घराला लागली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात, तो दांडा म्या बी हातात धरला हुता. आता चौथी तुझी तू पेटव. माझ्या हाताच्या गुणाआड दडू नगंस.

माडीचं तुझं तू बग. बिनखिडकीच्या खोलीत आमी तांदूळ बी ठेवत न्हाय, किडं हुत्यात. मग मानसं कशी ठेवायची?

पाडव्याला मी येत न्हाय. ह्यांना लावून देते. सात वर्सं झाली, हे परक्या घरी ताटावर बसलेले न्हाईत. लग्नाला गेले तर अक्षदा टाकून माघारी येत्यात. का म्हणून इचारलं तर सांगत न्हाईत. तुझ्याकडं जातो म्हणाले ते आपल्या तोंडानं, मी बोलले न्हाय. म्हणून लावून देते.

त्यांना साकर हाय. जेवू घाल. आनकी काय सांगू.

मंदाकिनी

इंदापूर
पाडवा, रविवार, ३० मार्च २०२५

ती. आक्का,

हे पत्र दाजींच्याच हाती देतोय. ते आत आडवे झालेत, त्यांची साडेचारची एसटी आहे, तेवढ्यात लिहून होईल.

आधी माडीचं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तोबाला म्हटलं, "माडीच्या पश्चिमेच्या भिंतीला तीन खिडक्या पाड." तो म्हणाला, "मालक, परवाच तर फिनिशिंग केलं की!" म्हटलं, फोड. केयूर स्वतः आला, रागावला नाही, रागावणाऱ्यातला तो नाही. म्हणाला, "सर, खिडकी पाहिजे असेल तर माझे पैसे खिडकीतून गेले समजा." गेले. चोवीसपैकी अकराच खोल्या झाल्या, बाकीच्यांना नुसत्या भिंती आहेत. जयवंता म्हणते, ह्या वयात अर्धं हॉटेल उघडणारा मी पहिलाच असेन. माडीवर आता जेवणाचा हॉल आहे. तिथून पाणी दिसतं, आणि दुपार कलली की ऊन सरळ ताटात येतं. एक घड्याळही लावलंय, मोठं, स्टेशनवर असतं तसलं.

चूल मी पेटवली. तीन काड्या मोडल्या. चौथी काडी लागली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या, त्या मला नकोशा झाल्या.

दाजी अकराला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सात वर्षांनी समोर पाहिलं, बारीक झालेत. मी पाया पडायला वाकलो, त्यांनी खांद्याला धरून उठवलं. मग नुसतं इकडं तिकडं बघत होते. माडीवर नेलं, मधल्या खिडकीपाशी बसवलं. साठ-सत्तर माणूस जेवायला होतं, पण दाजींना मीच वाढलं. तू साखरेचं लिहिलं होतंस ते ध्यानात होतं, म्हणून पुरणपोळी एकच आणि लहान.

पण आक्का, चाळीस वर्षं जो हात वाढतोय तो थांबतो होय? भेटायला आलेल्यांशी बोलत होतो, हसत होतो, आणि जाता-येता दाजींच्या ताटात घालत होतो. "दाजी, ही माझ्या हातची." "दाजी, तूप नाही घेतलं." "दाजी, पाडव्याला नाही म्हणायचं नसतं." ते नाही म्हणालेच नाहीत. पंगती उठल्या, टेबलं पुसली, मी चौथी पोळी घेऊन पुन्हा दाजींपाशी आलो, तर हॉलमध्ये एकटे तेच बसलेले. कपाळाला घाम. घास हातात धरलेला, तोंडाकडे जात नव्हता. आणि त्यांनी मान वर करून छताच्या कोपऱ्याकडे बघितलं.

तसंच, जसं मी सातव्या पडद्यावर बघायचो. देवाबिवाचं नाव घेत नव्हते, आक्का. जहाजावर त्या कोपऱ्यात कॅमेरा होता. ते माझ्याकडे बघत होते.

माझ्या हातातली पोळी मी शेजारच्या टेबलावर ठेवली. बसलेल्या पाहुण्याला यजमानानं आपणहून उठवायचं म्हणजे चारचौघांत कसं दिसतं, ते तुला ठाऊक आहे. मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, "दाजी, बास. उठा आता, हात धुवा."

त्यांनी घास ताटात ठेवला. सावकाश उठले. मी त्यांना मोरीपर्यंत धरून नेलं, हातावर पाणी घातलं. नळ होता, तरी तांब्यानं घातलं. हात धुता धुता माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर केलात, सर्जेराव."

मी तांब्या पुन्हा भरला.

"दोष माझाच," ते म्हणाले. "गणित शिकवलं मी तेहतीस वर्षं, मला काय कळत नव्हतं? पण जहाज दाखवलंत तेव्हा केबिनमधले ते पडदे तुम्हीच दाखवले होतेत, म्हणून दर वेळी वर बघायचो. वाटायचं, मेव्हणा बघतोय, आता खाली येईल, आबांसारखं उठा म्हणेल. पहिल्या वेळी म्हणाला होतात ना. नंतर नंतर तर त्याचसाठी बसून राहायचो. तेव्हापासून कोणाच्या ताटावर बसायची भीती वाटते. वाटतं, कोणी उठवलंच नाही तर?"

मी रडलो, आक्का. बासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या हॉटेलच्या मोरीपाशी, वेटर पोरांच्या देखत, तांब्या हातात धरून रडलो. दाजींनी माझ्याच खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि तोच टॉवेल माझ्या हातात दिला. म्हणाले, "डोळे पुसा. मालक रडताना बघून गिऱ्हाइकाला मसाला जास्त झाला असं वाटेल." दाजी विनोद करतात हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आता घोरतायत. उठवतो थोड्या वेळानं.

तू कधी येशील हे मी आता विचारणार नाही. येशील तेव्हा चूल पेटलेली असेल, तुला नुसतं बसायचंय. सहा वाजेपर्यंत दाजी घरी पोहोचतील. आज त्यांना जेवायचा आग्रह करू नकोस. पोट भरलंय त्यांचं. मी विचारून घेतलंय.

तुझा,
सर्जेराव